एकाला सर्दी, घरभर शिंका : वाचकांचे प्रश्न, आरोग्य सदराची उत्तरे

जून उलटला की या सदराच्या टपालात सर्दी-खोकल्याचीच पत्रे जास्त असतात. त्याला कारण आहे. काश्मीरकडे फ्लूचा हंगाम हिवाळ्यात येतो. महाराष्ट्रात मात्र मोठी लाट पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरी बहुधा लहान लाट जानेवारी ते मार्चमध्ये. शाळा भरलेल्या, खिडक्या लावलेल्या, तोंडावर गणपती. यंदा घरात आजार पसरू कसा द्यायचा नाही, एवढ्यावरचीच पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : आमचे वन रूम किचन आहे. माणसे पाच : सासूबाई, आम्ही दोघे आणि दोन मुले. मागच्या महिन्यात यजमानांना फ्लू झाला आणि आठवड्याभरात सगळे आडवे. ‘आजाऱ्याला वेगळ्या खोलीत ठेवा’ असे सगळीकडे लिहिलेले असते. ती खोली आणायची कुठून? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : खोली नसली तरी हवा, अंतर आणि वेळ या तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. त्यातली वेळ सगळ्यात आधी निसटते.

फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत १ ते ४ दिवस जातात, बहुधा २. ताप येण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच तो माणूस दुसऱ्याला विषाणू देऊ लागतो आणि पुढे ५ ते ७ दिवस देत राहतो. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जास्त. यजमान सोमवारी संध्याकाळी ‘अंग मोडून आलंय’ म्हणाले, तेव्हा रविवारची जेवणाची पंगत होऊन गेलेली असते. एक दिवस असा हातचा गेलेला असताना ‘उद्या बघू’ म्हणून दुसरा घालवायचा नाही. हाँगकाँगमधल्या घरांत केलेली एक चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. आजाऱ्याची लक्षणे सुरू झाल्यापासून ३६ तासांच्या आत ज्या घरांनी मास्क लावणे आणि हात धुणे ही जोडी सुरू केली, तिथे फ्लूचा फैलाव कमी झाला. उशिरा सुरुवात केलेल्या घरांत तसा फायदा दिसला नाही. तेव्हा पहिल्या शिंकेला किंवा पहिल्या कणकणीलाच कामाला लागा. तपासणीचा कागद हातात येईपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

आता हवा. छताचा पंखा आहे तीच हवा ढवळतो, बाहेर काही टाकत नाही. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा असेल तर तो चालू ठेवा आणि समोरच्या बाजूची खिडकी निदान वीतभर उघडा, म्हणजे ताजी हवा तिकडून येईल आणि खोलीतून फिरून पंख्यावाटे बाहेर जाईल. खिडकी बंद ठेवून नुसता पंखा लावला तर तो मोरीतली किंवा जिन्यातली हवा ओढतो; बरेच लोक इथेच चुकतात. आजाऱ्याची गादी पंख्याच्या बाजूला आणि बाकीच्यांच्या गाद्या खिडकीच्या बाजूला घाला. म्हणजे हवा निरोग्यांकडून आजाऱ्याकडे आणि तिथून बाहेर जाईल. एक्झॉस्ट नसेल तर टेबलफॅन खिडकीजवळ, तोंड बाहेर करून ठेवा. चाळीत असाल तर खिडकी सामाईक गॅलरीकडची उघडण्यापेक्षा मागच्या बाजूची उघडा. शेजाऱ्यांनी तुमचे काय वाकडे केले आहे? पाऊस आत येत असेल तर छज्जाखालची खिडकी निवडा. डासांची जाळी असू द्या, तिने हवा थोडी अडते पण चालते.

झोपताना सगळ्यांची डोकी एका रांगेत ठेवायची आपली सवय आहे. ती आठवडाभर मोडा. आजाऱ्याचे डोके एका भिंतीला, शेजारच्याचे समोरच्या भिंतीला. दहा बाय बाराच्या खोलीत तोंडातोंडात सहज पाच-सहा फुटांचे अंतर पडते. सासूबाईंची गादी स्वयंपाकघरात हलवता आली तर सगळ्यात उत्तम. अशा वेळी जागा बदलायची असेल तर आजाऱ्याऐवजी ज्याला आजार झेपणार नाही त्याला बाजूला काढणे बहुधा सोपे जाते.

मास्क आधी आजाऱ्याने लावायचा. तीन पदरी सर्जिकल मास्क पुरे, पण नाकावरची पट्टी दाबून बसवलेली हवी आणि तो ओलसर झाला की बदलायला हवा. झोपेत लावायची गरज नाही. शुश्रूषा करणारे माणूस एकच ठेवा आणि त्याने जवळ जाताना नीट बसणारा एन-९५ लावावा. ते माणूस गरोदर, मधुमेही किंवा दम्याचे नसावे. आपल्याकडे हे काम न सांगताच घरच्या बाईकडे जाते. तिलाच ताप असेल तर काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. उत्तर असे की तिने चार दिवस पोळ्या लाटायच्या नाहीत. शिजलेल्या गरम अन्नातून फ्लू पसरत नाही, तेव्हा अन्न दूषित होईल ही भीती मुख्य नाही. अडचण ही की ओट्याशी तिच्याभोवती सगळे घर गोळा होते.

ताटवाट्या वेगळ्या घासायची गरज नाही. नेहमीच्या साबणाने धुतल्या की झाले. मात्र उष्टा पेला, एकच फुलपात्र, एकच पंचा हे बंद. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा आणि वेगळ्या खुंटीला. एकावर एक टांगले तर वेगळे ठेवून उपयोग काय? हातरुमालाऐवजी जुन्या सुती कपड्याचे तुकडे किंवा टिश्यू वापरून लगेच झाकणाच्या डब्यात टाका. रुमालच हवा असेल तर दिवसाला तीन-चार लागतील आणि ते खिशात जाता कामा नयेत. एकदा नाक पुसलेला रुमाल दिवसभर खिशात ठेवला की हात तिथे पुन्हा पुन्हा जातो.

प्रश्न : सॅनिटायझर, फिनाईल, डेटॉल, ब्लीचिंग पावडर यातले नक्की काय वापरायचे? रोज सगळे घर पुसावे का? (एक गृहिणी, नाशिक)

उत्तर : नाही. फरशीवर कोणी नाक घासत नाही. रोजच्या केरफरशीला साबणाचे पाणी पुरते. ज्या जागी पाच जणांचे हात लागतात आणि मग तेच हात डोळ्या-नाकाशी जातात, त्या जागा महत्त्वाच्या : दाराची कडी, दिव्यांची बटणे, नळ, फ्रिजचा दांडा, टीव्हीचा रिमोट आणि मोबाइल. फ्लूचा विषाणू स्टील-प्लास्टिकसारख्या कडक पृष्ठभागावर २४ ते ४८ तास तग धरतो, कापडा-कागदावर ८ ते १२ तास, आणि हातावर काही मिनिटेच. पण कडीवरून हात आणि हातावरून नाक एवढ्या प्रवासाला ती मिनिटे पुरेशी आहेत.

घरात कोणी आजारी असताना या जागा दिवसातून दोनदा पुसा. बटणे, रिमोट आणि मोबाइल यांवर काही फवारू नका; ७० टक्के अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा आणि बटणांच्या आत ओल जाऊ देऊ नका. मोरी, नळ, कडी यांसाठी ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते : १ लिटर पाण्यात ३ ग्रॅम, म्हणजे चहाचा साधारण पाऊण चमचा. हे प्रमाण ताज्या, वास येणाऱ्या पावडरीचे आहे. वर्षभर उघडी पडलेली पावडर म्हणजे निव्वळ चुना. पाणी रोज नवे करायचे, पुसून १० मिनिटे तसेच ठेवायचे, मग साध्या पाण्याने पुसून घ्यायचे. हातात रबरी मोजे घाला. तांब्या-पितळेवर, रंगीत कपड्यांवर हे लावू नका. आणि संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ही पावडर कधीही एकत्र करू नका : क्लोरीन वायू सुटतो, बंद मोरीत जीव गुदमरतो.

हातांसाठी साबण-पाणी पहिले, सॅनिटायझर दुसरे. फ्लूच्या विषाणूला चरबीचे आवरण असते, ते साबणानेही फुटते आणि अल्कोहोलनेही. पण साध्या सर्दीचा मुख्य विषाणू, ऱ्हायनो, याला असे आवरण नसते. अल्कोहोलला तो तितका दाद देत नाही. त्याला चोळून, पाण्याखाली धरून, धुऊन काढावे लागते. २० सेकंद, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांच्या कडांसह. प्रवासात सॅनिटायझर ठेवायचा तर ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोलचा घ्या आणि हात पूर्ण सुकेपर्यंत चोळा; ओला असतानाच पुसून टाकला तर उपयोग गेला. साबण ‘जंतुनाशक’ असण्याची गरज नाही, साधी वडी चालते. हात पुसायला मात्र तो मोरीच्या दाराला लटकणारा, सगळ्यांचा ओला नॅपकिन नको.

प्रश्न : दही, केळी, फ्रिजचे पाणी आणि पावसात भिजणे यांनी सर्दी होतेच ना? (एक आजी, सातारा)

उत्तर : आजी, सर्दी विषाणूने होते, आणि दह्यात किंवा केळ्यात तो नसतो. ऱ्हायनो विषाणूचेच १६० च्या वर प्रकार आहेत. शिवाय दुसरी कुळे निराळी. भिजल्याने अंगात विषाणू येत नाही. पावसाळ्यात सर्दी वाढते तेव्हा पावसामुळे आपण खिडक्या लावून एकमेकांना चिकटून बसतो, हा भाग जास्त लक्षात घ्यायला हवा. नातवंडे भिजून आली तर डोके पुसा, कपडे बदला, ते योग्यच आहे. पण त्यांचे दूध-दही-फळ चार महिने बंद करू नका. घसा दुखत असताना गार पाणी नकोसे वाटत असेल तर ते न देणे वेगळे.

प्रश्न : फ्लूची लस कधी, कोणती आणि कोणी घ्यावी? दरवर्षी घ्यावी लागते म्हणजे ती कुचकामी आहे का? (एक शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : महाराष्ट्रात योग्य वेळ एप्रिल-मे. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि लाट जुलैत येते, म्हणून शाळा सुरू होण्याआधी. यंदा चुकले असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये घेतली तरी चालेल, गणपतीच्या गर्दीआधी तरी उपयोग होईल. पण शेजारच्यांना ताप आला म्हणून आज लस टोचून उद्या निर्धास्त व्हायचे, असे होत नाही.

दरवर्षी घ्यावी लागते याची दोन कारणे : विषाणू रूप बदलत राहतो आणि लसीने आलेले संरक्षणही काही महिन्यांत ओसरते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीत कोणते प्रकार असावेत ते ठरवते : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. भारत उत्तर गोलार्धात असला तरी आपला हंगाम पावसाळ्यात असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये सप्टेंबरच्या शिफारशीवरून बनलेली दक्षिणेची ताजी लस मिळाली तर ती घ्यावी. दवाखान्यात विचारायचा प्रश्न एवढाच : ‘ही कोणत्या हंगामाची लस आहे आणि मुदत कधी संपते?’ मागच्या वर्षीची उरलेली कुपी स्वस्तात मिळत असेल तर नको म्हणा.

‘चार प्रकारांची घेऊ की तीन?’ हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. बी-यामागाता नावाचा एक प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही, म्हणून तो वगळायची शिफारस २०२३ मध्ये झाली. तीन प्रकारांची लस म्हणजे कमी दर्जाची लस नव्हे.

लसीची विषाणूशी जुळणी चांगली जमलेल्या वर्षी फ्लूमुळे डॉक्टरांकडे जावे लागण्याचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी घटतो. शंभर टक्के नाही, हे खरे. पण न्यूमोनिया होऊन रुग्णालयात जाण्याचा धोका कमी होतो, आणि साठीच्या पुढच्या माणसाच्या बाबतीत आपल्याला टाळायचे असते ते हेच. साध्या सर्दीवर ही लस काम करत नाही. ‘लस घेऊनही सर्दी झाली’ ही तक्रार म्हणून गैरलागू.

घरात कोणाला आधी द्यायची? पासष्टीच्या पुढचे, गरोदर बायका, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, आणि ६ महिने ते ५ वर्षे वयाची मुले. मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना ही लस सुचवते, पण सरकारच्या नियमित लसीकरणात ती नाही, त्यामुळे खर्च आपला असतो. गरोदरपणात कोणत्याही महिन्यात घेता येते; सरकारी रुग्णालयात मोफत मिळते का याची चौकशी करा. ६ महिने ते ८ वर्षे वयात पहिल्यांदाच घेणाऱ्या मुलाला ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पालक दुसरा डोस हमखास विसरतात आणि मग ‘लसीचा उपयोग झाला नाही’ म्हणतात.

औषधाच्या दुकानातून लस आणून डॉक्टरांकडे टोचून घेत असाल तर ती थंड ठेवणे तुमच्या हातात असते. २ ते ८ अंश तापमानाला ती ठेवावी लागते. थर्मास किंवा जाड पिशवीत आइस-जेल ठेवा, पण जेल आणि कुपी यांच्यात कापडाची घडी हवी. बर्फाला चिकटून लस गोठली तर ती फेकूनच द्यावी लागते. दिसायला ती नंतर ठीक दिसते, हाच धोका. घरच्या फ्रिजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. खरे तर दुकान आणि दवाखाना यांत घर येऊच देऊ नका.

२००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला, तेव्हापासून हे नाव घेतले की लोक दचकतात. त्या स्वाइन फ्लूच्या विषाणूचे, म्हणजे एच१एन१ चे, वंशज आज दरवर्षीच्या हंगामी फ्लूचा भाग आहेत आणि लसीत त्यांचा समावेश असतो. वेगळी ‘स्वाइन फ्लूची लस’ शोधू नका.

प्रश्न : आम्ही दोघे (वय ६८ आणि ६५) नोव्हेंबरमध्ये मुलाकडे न्यू जर्सीला चाललो आहोत. मे महिन्यात पुण्यात लस घेतली आहे. परत घ्यायची का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : घ्यावी. तिथला हंगाम हिवाळ्यात, तोपर्यंत तुमच्या मेमधल्या लसीला सहा महिने झालेले असतील आणि तिकडची लस नव्या शिफारशीची असेल. दोन डोसांत चार आठवड्यांहून जास्त अंतर आहेच. तिकडे ती सप्टेंबर-ऑक्टोबरपासून औषधाच्या दुकानांतही टोचून मिळते आणि पासष्टीच्या पुढच्यांसाठी जास्त मात्रेची असते. पोहोचल्या आठवड्यातच घ्या. इथल्या लसीचा कागद सोबत असू द्या.

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची, वजन १२ किलो. पाळणाघरात घातल्यापासून दर महिन्याला सर्दी. ‘इम्युनिटी’ वाढवायला काय द्यावे? प्रत्येक वेळी अँटिबायोटिक द्यावे लागते. (एक आई, ठाणे)

उत्तर : लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणे नेहमीचे आहे, पाळणाघरातल्या मुलांना त्याहून जास्त. तुमची मुलगी अशक्त नाही, ती एकेका विषाणूची ओळख करून घेते आहे. वजन वाढते आहे, दोन आजारांच्या मध्ये ती खेळते-खाते आहे, तर कुठल्याही बाटलीतल्या ‘इम्युनिटी’ची गरज नाही. नाकातले पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळे-हिरवे होते ते पाहून अँटिबायोटिक मागितले जाते. तो रंग शरीरातल्या पेशींचा असतो, त्यावरून जिवाणू ठरत नाहीत. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराची लाट होती तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांनाच जाहीरपणे सांगितले होते की अशा तापात ॲझिथ्रोमायसिन, अमॉक्सिक्लॅव्ह उठसूट देऊ नका.

पाळणाघरात तीन गोष्टी पाहा. मुलांच्या दुपारच्या गाद्या चिकटून आहेत की हातभर अंतरावर, आणि डोके-पाय अशा उलटसुलट. नाके पुसायला एकच नॅपकिन फिरतो का. आणि ताप असलेल्या मुलाला घेतात का. तिसऱ्याचे उत्तर ‘घेतो, आई नोकरीला जाते ना’ असे आले तर ते माणुसकीचे आहे, पण त्याची किंमत बाकीची दहा घरे मोजतात. बदली सुट्टीची व्यवस्था पालकांनी आपसांत आधीच ठरवून ठेवणे, हाच त्यावरचा खरा उपाय. घरी आल्यावर आधी हात-तोंड धुणे, मग आजीच्या मांडीवर.

तुम्ही पत्रात पॅरासिटामॉलचे ‘एक झाकण’ देतो असे लिहिले आहे. हे थांबवा. मात्रा वजनावर : किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. १२ किलोला १२० ते १८० मिलिग्रॅम. बाजारात ५ मिलिलिटरला १२० (काहींत १२५) आणि ५ मिलिलिटरला २५० अशी दोन ताकदींची सिरपे मिळतात, बाटल्या सारख्याच दिसतात. पहिल्याचे ५ ते ७.५ मिलिलिटर होतात, दुसऱ्याचे फक्त २.४ ते ३.६. तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत तर १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असते. दुकानदाराने ताकद बदलून दिली आणि तुम्ही माप तेच ठेवले तर दुप्पट औषध जाते, आणि ते यकृतावर बेतू शकते. सुईविरहित सिरिंजने मोजा. सर्दीच्या मिश्र सिरपातही पॅरासिटामॉल असते, दोन्ही एकाच वेळी देऊ नका.

मुळात ती मिश्र सिरपेच नकोत. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही सांगितले : दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधे नाहीत, पाच वर्षांखाली सहसा नाहीत. नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, जेवणाच्या आणि झोपेच्या आधी. खोकल्यासाठी रात्री अर्धा ते एक लहान चमचा मध. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नाही, चाटणातूनही नाही. त्यातून बोट्युलिझम ही घातक विषबाधा होण्याची भीती असते.

प्रश्न : सर्दी होऊच नये म्हणून घरात रोज काढा, वाफ आणि कापराची पुरचुंडी चालू आहे. बरोबर आहे ना? (एक कुटुंब, सोलापूर)

उत्तर : आले-तुळशी-गवती चहाचा कपभर काढा घसा शेकतो, त्याला हरकत नाही. पण त्याने विषाणू अडत नाही, त्यामुळे ‘काढा घेतलाय’ म्हणून आजाऱ्याशेजारी बिनधास्त बसू नका. काढ्यात ज्येष्ठमध रोज, महिनोन् महिने जात असेल तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते टाळावे.

वाफेने चोंदलेले नाक थोडा वेळ मोकळे वाटते, प्रतिबंध होत नाही. उलट आधण आलेले डेचके मांडीवर किंवा गादीवर ठेवून चादर पांघरल्याने भाजलेली मुले दवाखान्यांत येतात. मुलांना वाफ देऊच नका. मोठ्यांनी घ्यायची तर भांडे टेबलावर, गॅसवरून उतरवून दोन मिनिटांनी. कुकरच्या शिट्टीला नळी लावून वाफ घ्यायचे जे प्रकार मोबाइलवर फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

कापूर हा यातला सगळ्यात धोक्याचा. गळ्यातली पुरचुंडी सुटते, लहान मूल वडी तोंडात घालते आणि काही मिनिटांत झटके येऊ शकतात. कापूर असलेले बाम दोन वर्षांखाली लावू नयेत, आणि कोणाच्याही नाकपुडीत कधीच नाही.

क जीवनसत्त्वाबद्दल बरेच विचारतात म्हणून इथेच. रोज घेतल्याने सर्वसाधारण माणसाच्या सर्द्यांची संख्या कमी होत नाही. झालेली सर्दी मोठ्यांत सुमारे ८ टक्के लवकर आटोपते, म्हणजे आठवड्यातला जेमतेम अर्धा दिवस. सर्दी झाल्यावर सुरू केले तर तेवढाही फायदा दिसत नाही. आवळा-पेरू खा, ते चविष्ट असतात.

प्रश्न : घरात २० दिवसांचे बाळ आहे. मलाच ताप-खोकला आला आहे. अंगावर पाजू का? पुढच्या आठवड्यात बारसे आहे. (एक बाळंतीण, रत्नागिरी)

उत्तर : पाजा. दुधातून फ्लू जात नाही, उलट तुमची प्रतिद्रव्ये बाळाला मिळतात. पाजण्याआधी साबणाने हात धुवा, मास्क लावा, पाजून झाले की बाळ दुसऱ्या निरोगी माणसाकडे द्या. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे फ्लूच्या दृष्टीने जोखमीचे असतात, त्यामुळे ताप अंगावर न काढता आजच डॉक्टरांना दाखवा. बारसे पुढे ढकला. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फ्लूची लस देता येत नाही, म्हणून त्याच्याभोवतीच्या मोठ्यांनी घ्यायची. बारशाला येणाऱ्यांना ‘सर्दी असेल तर फोटो पाहा’ असे आधीच कळवा. आत्याबाई रुसल्या तरी चालेल. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप आला, दूध ओढणे कमी झाले किंवा बाळ सुस्त वाटले तर घरचे काहीही न करता थेट रुग्णालय.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, मधुमेह आहे. घरात नातवाला फ्लू निघाला. ‘टॅमीफ्लू’ आणून सगळ्यांनी आधीच घ्यावी का? दवाखान्यात कधी न्यायचे? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सगळ्यांनी नाही. टॅमीफ्लू म्हणजे ओसेल्टामिवीर, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचे औषध आहे. लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू केले तर सर्वांत उपयोगी. मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा घटवावी लागते, आणि जुन्या मधुमेहात ही शक्यता असतेच, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) जुना रिपोर्ट सोबत न्या. वडिलांना लक्षणे नसतानाही प्रतिबंधक म्हणून द्यायचे का, हे डॉक्टर ठरवतील. त्यासाठी आजच फोन करा, ताप यायची वाट पाहू नका.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे ए, बी, सी असे गट केले आहेत. सौम्य ताप-खोकला ‘ए’ : घरी विश्रांती, ना तपासणी ना ओसेल्टामिवीर, पण २४ ते ४८ तासांत पुन्हा पाहणी. ‘बी’ मध्ये जास्त ताप आणि घशाचा तीव्र त्रास. सौम्य लक्षणे असली तरी ज्येष्ठ, गरोदर आणि जुनाट आजाराचे रुग्णही यातच येतात, म्हणजे तुमच्या वडिलांना साधा ताप आला तरी ते ‘बी’. धाप, छातीत दुखणे, गुंगी, थुंकीत रक्त, रक्तदाब उतरणे, ओठ-नखे निळी पडणे हे ‘सी’ : लगेच रुग्णालय.

ऑक्सिमीटर घरात असेल तर पाच मिनिटे शांत बसवून, नेलपॉलिश नसलेल्या उबदार बोटाला लावून मिनिटभर थांबा. पहिला आकडा धरू नका. ९४ च्या खाली आकडा टिकून राहिला तर दाखवा. नातवाचा श्वास झोपेत किंवा शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा : १ ते ५ वर्षांत मिनिटाला ४० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षात ५० किंवा जास्त, त्याहून लहान बाळात ६० किंवा जास्त म्हणजे न्यूमोनियाची शंका. ताप दोन-तीन दिवसांनी उतरून पुन्हा चढला तरी हीच शंका घ्या.

आणखी एक. पावसाळ्यात ताप, अंगदुखी आहे पण नाक वाहत नाही, खोकला नाही, तर घरच्या घरी ‘फ्लू’ ठरवू नका. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो यांची तपासणी हवी. तोपर्यंत तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नाही. फ्लूमध्येही १८ वर्षांखालच्यांना ॲस्पिरिन देत नाहीत, रेज सिंड्रोम नावाच्या दुर्मीळ पण घातक गुंतागुंतीमुळे.

प्रश्न : एसीमुळे सर्दी होते का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : एसीने होत नाही, एसीसाठी लावून घेतलेल्या खिडक्यांनी होते. घरातला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत घेत नाही. घरात आजारी माणूस असेल तर तेवढे दिवस पंखा आणि उघडी खिडकी.

प्रश्न : मुलाला शाळेत परत कधी पाठवायचे? (अनेक पालक)

उत्तर : तापाचे औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही, तो नीट जेवतो-खेळतो आहे, तर पाठवा. सकाळी पॅरासिटामॉल पाजून पाठवलेले मूल अकरा वाजता वर्गात फणफणते, तोवर बाकावरच्या दोघांना प्रसाद वाटून झालेला असतो. खोकला मागे आठ-दहा दिवस रेंगाळतो. शिंकताना-खोकताना कोपरात तोंड घालायला शिकवा, पण नुसत्या खोकल्यासाठी घरी बसवू नका. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, सोबत संध्याकाळचा ताप असेल किंवा वजन घटत असेल, तर मग मोठा असो की लहान, क्षयरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.